मदत हवी: 'द एज ऑफ लव्ह'चं हार्ड हाऊस रूप करतोय, पण धुनीचा जीव जातोय

मंडळी, 'द एज ऑफ लव्ह' या जुन्या ट्रॅकवर हात चालवतोय. मूळ ट्रॅक १९९० चा, पण बहुतेकांच्या कानात बसलाय तो फ्रँकफर्टच्या जॅम अँड स्पून जोडीने १९९२ मध्ये केलेला 'वॉच आउट फॉर स्टेला' मिक्स. मीही तोच धरलाय. निव्वळ हौस आहे, कुठे प्रकाशित करायचं नाही.

हार्ड हाऊस म्हणजे वेगवान, उसळतं क्लब-संगीत; बाज हवाय नव्वदच्या दशकातल्या लंडनचा. टर्नमिल्स क्लबात रविवारी पहाटे 'ट्रेड' ही क्लब-नाइट सुरू व्हायची, तिथे डीजे टोनी डी व्हिट वाजवायचे तसा: ऑफबीट (दोन ठोक्यांच्या मधोमध येणारा) बास, मध्येच हूवरची (व्हॅक्यूम क्लीनरसारख्या घोंगावणाऱ्या सिंथ-आवाजाची) किंकाळी, आणि या सगळ्यात भरपूर आनंद. नुसता दणदणाट नको.

मूळ टेम्पो मिनिटाला साधारण १३० ठोके, माझा १५०. बास ऑफबीटवरच ठेवलाय, तरी खाली सगळा चिखल होतो. साइडचेन (किक म्हणजे ड्रमचा ठोका पडला की बास क्षणभर दाबणारी जोडणी) वाढवलं की बास दबतो आणि उसळी जाते.

पण खरी छळते ती धून. जॅम अँड स्पूनच्या मिक्समध्ये ती सावकाश उलगडते, म्हणून तर अंगावर येते. १५० वर ती धापा टाकते. सूर तोच ठेवून ऑडिओ आवळला तर आवाज खरखरतो, रेकॉर्डसारखा नुसता वेग वाढवला तर सूर जवळजवळ अडीच सेमिटोन वर चढतो. तो ठहराव घालवून रीमिक्स करण्यात मला अजिबात रस नाही. या प्रकारात कुणी काम केलंय का?

प्रतिसाद १
आधी किक बघा. १५० ला एक ठोका ४०० मिलिसेकंदांचा, म्हणजे ऑफबीट किकनंतर २०० वर येतो. तुमच्या किकची शेपटी त्याच्यापुढे जात असणार. ती १६० मिलिसेकंदांच्या आसपास छाटा, साइडचेन जेमतेम लागेल. बासची नोटही पुढच्या किकआधी संपू दे.

धुनीसाठी सॅम्पल सोडा, सिंथवर स्वतः वाजवा. ब्रेकडाउनमध्ये (मधल्या शांत भागात) किक काढून ती दुप्पट लांबीत वाजवली की चाल ७५ ची होते आणि फिल्टर उघडायला (आवाज हळूहळू उजळायला) हवा तेवढा वेळ मिळतो. ड्रॉपला (किक परत येते तिथे) पूर्ण धून आणू नका. तिचे दोन-तीन सूर हूवरला द्या, बाकीचे ऐकणारा मनातल्या मनात पुरे करतो.

धागाकर्ता
किकची शेपटी २८० मिलिसेकंद निघाली! छाटल्यावर बास एकदम मोकळा झाला. दुप्पट लांबीची धून आज रात्री बसवतो. हूवर मूळचा रोलंड अल्फा जुनो सिंथचा, तो माझ्याकडे नाही. साध्या सॉफ्टवेअर सिंथवर जमेल का?

प्रतिसाद २
जमेल. तीन-चार सॉ (करवतीच्या दातांसारख्या लहरी) किंचित डिट्यून करा, म्हणजे सूर जरा मागेपुढे करा, एक सप्तक खाली सब (खोल सूर) द्या, वर भरपूर कोरस इफेक्ट. नोट सुरू होताना पिच एन्व्हलपने सूर झटकन वर नेऊन खाली सोडा, आणि दोन नोटांमध्ये ग्लाइड (सूर घसरत जाणं) ठेवा. सबचा खालचा भाग मात्र कापा, नाहीतर आत्ताच मोकळा झालेला बास परत अडकेल.