तंजावर एका दिवसात: गाइडेड टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

निवांत_प्रवासी

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटी तमिळनाडूला जातोय, मी, बायको, आई-बाबा आणि दहा वर्षांचा मुलगा. मुक्काम त्रिचीला आहे आणि तंजावरसाठी एकच दिवस निघतोय. हॉटेलवाल्यांनी एक डे टूर सुचवलीय, गाडी आणि गाइड दोन्ही त्यातच, सकाळी श्रीरंगम, मग रॉकफोर्ट, जेवण, मग तंजावरचं मोठं देऊळ (बृहदीश्वर) आणि राजवाडा, संध्याकाळी सातपर्यंत परत. ऐकायला बरं वाटतंय पण मला शंका येतेय की हे सगळं धावतपळत होईल. बाबा इतिहासाचे रिटायर्ड शिक्षक आहेत, तंजावर बघायचं हे त्यांचं कित्येक वर्षांचं चाललंय, व्यंकोजीराजे (शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ), त्यांच्या वंशातले सर्फोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय हे सगळं ते आम्हाला लहानपणापासून सांगत आलेत, त्यामुळे तिथे जाऊन नुसते फोटो काढून परत यायचं नाहीये. दुसरीकडे आईचे गुडघे दुखतात, तिला फार चालवत नाही. तर गाइड घ्यावा का, घेतला तर पूर्ण दिवसाचा की फक्त देवळापुरता, आणि मराठ्यांच्या काळातलं नेमकं काय बघायचं राहून जाऊ नये, हे कोणी जाऊन आलेल्यांनी सांगा ना प्लीज.

कावेरीकाठ

मी नोकरीनिमित्त त्रिचीत राहते, घरचे पाहुणे आले की तंजावरची फेरी ठरलेली असते, म्हणून लिहितेय. ती टूर घेऊ नका. श्रीरंगम हे एकटंच अर्ध्या दिवसाचं काम आहे, सात प्राकार (एकात एक तटबंदीची आवारं) आहेत त्या देवळाला, आणि रॉकफोर्टला चारशेच्या वर पायऱ्या, काकूंचे गुडघे तिथेच संपतील. आणि मुख्य म्हणजे वेळेचं गणित बसत नाही. मोठ्या देवळाचा गाभारा दुपारी साधारण साडेबारा ते चार बंद असतो, म्हणजे तुम्ही जेवून तंजावरला पोचलात की दार बंद, मग बाहेरूनच बघून राजवाड्याकडे पळायचं आणि राजवाडाही संध्याकाळी लवकर बंद होतो. श्रीरंगम दुसऱ्या दिवशी करा.

त्रिचीहून तंजावर साठेक किलोमीटर आहे, रस्ता चांगला आहे, सकाळी सहाला निघालात तर साडेसात-आठला देवळात असाल. त्या वेळी दगड गार असतो. हे मी मुद्दाम सांगतेय कारण चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आवार प्रचंड मोठं आहे, अकरानंतर डिसेंबरमध्येसुद्धा फरशी चटके देते, काकूंसाठी जाड मोजे बरोबर ठेवा. आवार सपाट आहे पण गाभाऱ्याकडे जायला पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्या जरा उंच आहेत, हात धरून सावकाश न्या.

गाइडबद्दल: पूर्ण दिवसाचा नको. देवळाच्या दाराशी ओळखपत्रवाले गाइड असतात, त्यांच्यातला एक दीड-दोन तासांसाठी घ्या, पैसे आणि वेळ आधी बोलून घ्या. बहुतेक जण तमिळ आणि इंग्रजी बोलतात, हिंदीवाले कमी, मराठी कोणी भेटेल ही अपेक्षा ठेवू नका. गाइड चांगला आहे का हे कळायची एक सोपी खूण सांगते, त्याला विचारा की शिखराची सावली जमिनीवर पडते का. "पडतच नाही, हेच तर आश्चर्य" असं म्हणाला तर दुसरा बघा. सावली पडते, सकाळी-संध्याकाळी कोणीही उभं राहून बघू शकतं. नंदी वाढत होता म्हणून त्याला खिळा ठोकला ही गोष्ट मात्र ऐकू द्या मुलाला, लोककथा म्हणून छान आहे, फक्त तो नंदी देऊळ बांधणाऱ्या चोळ राजांचा नाही, नायकांच्या (मराठ्यांच्या आधीचे इथले राजे) काळातला आहे, हे जो आपणहून सांगतो तो गाइड कामाचा.

मोडी_वाचक

कावेरीकाठ यांनी वेळेचं बरोबर सांगितलंय, मी तुमच्या बाबांसाठी लिहितो.

तिथले गाइड चोळांवर भरभरून बोलतात, नायकांवर थोडं, आणि मराठ्यांवर एखादं वाक्य. त्यांची चूक नाही, येणारी गर्दी राजराज चोळाचं देऊळ बघायलाच येते. त्यामुळे मराठ्यांचं जे आहे ते तुम्ही मागून घ्यायला लागतं. पहिली गोष्ट, रस्त्यावरून आत शिरताना सगळ्यात पहिलं दार लागतं तेच मराठ्यांच्या काळातलं आहे, लोक पुढच्या गोपुरांकडे बघत त्याच्याखालून निघून जातात. दुसरी, आवाराच्या नैर्ऋत्य बाजूला गणपतीचं देऊळ आहे, ते सर्फोजीराजांच्या वेळचं. आणि तिसरी, ज्यासाठी मी म्हणेन बाबांना तिथे अर्धा तास शांत उभं राहू द्या, त्याच बाजूच्या भिंतीवर कोरलेला मराठी शिलालेख. भोसले घराण्याचा इतिहास, सर्फोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतला, ओळीच्या ओळी. चारी बाजूला हजार वर्षांपूर्वीचे तमिळ लेख आणि त्यात एकदम आपण वाचू शकतो अशी अक्षरं समोर येतात, मला तरी तिथून पाय निघेना. गाइडला आधीच सांगून ठेवा की मराठी इन्स्क्रिप्शन बघायचंच आहे, नाहीतर तो त्या कोपऱ्यात नेणार नाही. जमल्यास बॅटरी किंवा मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरा, झिजलेली अक्षरं उठून दिसतात. भिंतीला हात मात्र लावू नका.

व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरात आले आणि शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, १८५५ मध्ये वारले, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं मराठी घराणं तिथे होतं. हे फार मोठं आहे हो, पुण्याच्या पेशवाईपेक्षा जास्त. आणि अजून एक, जे बाबांना नक्की आवडेल: हे देऊळ आणि आसपासची मिळून ८८ देवळं आजही तंजावर राजवाडा देवस्थानाकडे येतात आणि वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडेच आहे.

सरस्वती महालाबद्दल एक लक्षात घ्या. ग्रंथालयाचा जो भाग अभ्यासकांचा आहे तिथे असंच आत जाता येत नाही, आपल्याला बघायला मिळतं ते त्याला लागून असलेलं छोटं संग्रहालय. बुधवारी बंद असतं, तो दिवस टाळा. आतली जागा लहान आहे, बरेच जण दहा मिनिटांत बाहेर येतात, पण तिथे सावकाश बघण्यासारखं खूप आहे. ताडपत्रं, जुने नकाशे, माणसांचे चेहरे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी शेजारी काढलेली फ्रेंच चित्रं (मुलाला हीच आवडतील). सर्फोजीराजे स्वतः वैद्यकात रस घेणारे होते, त्यांच्या देखरेखीखाली डोळ्यांच्या रुग्णांवर जे उपचार झाले त्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसकट या संग्रहात सापडल्यात. १८०५ च्या सुमारास त्यांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला, तेव्हा आपल्याकडे मराठी छपाई नुकती कुठे सुरू होत होती. मोडी कागदपत्रं तर ढिगाने आहेत आणि त्यातली कितीतरी अजून कोणी वाचलेली नाहीत, मोडी शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत असतो.

पाषाणवेडी

मोडी_वाचक, तुमचं सगळं मान्य, पण थोडा विरोध नोंदवते. आपले मराठी लोक तंजावरला जातात आणि फक्त "आपलं" काय आहे तेवढं शोधत फिरतात, मी माझ्या ग्रुपमध्ये हे बघितलंय, शिलालेखापाशी वीस सेल्फी आणि विमानाकडे (गाभाऱ्यावरच्या उंच शिखराकडे) कोणी मान वर करून बघत नाही. अहो ते देऊळ १०१० साली पूर्ण झालंय! २०० फुटांच्या वर उंची, अख्खं ग्रॅनाइटचं, आणि तंजावरच्या आसपास ग्रॅनाइट मिळत नाही, सगळा दगड लांबून आणलेला. ज्या सर्फोजीराजांचा शिलालेख आपण बघतो त्यांनाही तिथेच तो कोरावासा वाटला, कारण ती जागा तेवढी मोठी होती.

गाइडचा खरा उपयोग कुठे होतो सांगू का, जोत्यावरच्या तमिळ लेखांपाशी. आपल्याला अक्षर कळत नाही म्हणून आपण नक्षी समजून पुढे जातो. त्यात राजराजाने, त्याच्या बहिणीने कुंदवैने, राण्यांनी, अधिकाऱ्यांनी देवळाला काय काय दिलं त्याचा पूर्ण हिशोब आहे. देवळात नाचणाऱ्या ४०० बायकांची नावं आहेत, कोण कुठल्या गावच्या देवळातून आली आणि कुठल्या गल्लीत तिचं घर कितवं हेसुद्धा, आणि प्रत्येकीला वर्षाला किती भात मिळायचा तेही. एक दिवा कायम तेवता राहावा म्हणून ९६ मेंढ्या मेंढपाळाकडे सोपवायच्या आणि त्याने रोज ठरलेलं तूप आणून द्यायचं, अशी व्यवस्था. राजाचं नाव सगळेच कोरतात, पण हजार वर्षांपूर्वीच्या एका नर्तकीचा पत्ता दगडावर टिकून आहे याने मला भरून आलं होतं. तुमचे बाबा शिक्षक आहेत ना, त्यांना हे प्रचंड आवडेल. गाइडला म्हणा एक ओळ बोट दाखवून वाचून दाखव, ज्याला वाचता येतं तो खुशीने वाचतो.

मुलासाठी: विमानाच्या उत्तरेकडच्या बाजूला वर टोपी घातलेल्या युरोपियन माणसासारखी एक आकृती आहे, ती शोधायला सांगा. चोळांच्या काळात कुठून आला हा, असं गाइड गूढ करून सांगतात, पण ती बहुधा नंतरची, नायकांच्या काळातली असावी, रघुनाथ नायकाने १६२० मध्ये डॅनिश लोकांना समुद्रकाठच्या तरंगमबाडीला जागा दिली होती, म्हणजे युरोपियन माणसं तेव्हा इथे दिसत होती. दुर्बीण असेल तर न्या.

निवांत_प्रवासी

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं, ते नर्तकींच्या पत्त्याचं ऐकून एकदम गप्पच झाले आणि मग वही काढून बसलेत. हॉटेलची टूर नको म्हणून कळवलं. आता दोन शंका: दुपारी देऊळ बंद असताना काय करायचं, आणि कोणीतरी सांगितलं की तंजावरबरोबर दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम पण एका दिवसात होतं, तिन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत म्हणून, तर ते जमवावं का?

कावेरीकाठ

जमवू नका, निदान या वेळी तरी. दारासुरम कुंभकोणमजवळ आहे, तंजावरहून पस्तीसेक किलोमीटर, आणि गंगैकोंडचोळपुरम सत्तरच्या आसपास, तिन्ही केलंत तर दिवस गाडीतच जातो आणि दुपारचं बंद-चालू पुन्हा आडवं येतं. चोळांची देवळं हाच ज्यांचा विषय आहे ते कुंभकोणमला मुक्काम करतात आणि मग दारासुरमचं कोरीवकाम बारकाईने बघतात, तसंच करायला हवं. तुमच्या बाबांचा जीव तंजावरात आहे तर दिवस तंजावरलाच द्या.

दुपारचं असं करा. दहा-साडेदहाला देवळातून निघा, राजवाडा गाडीने पाच-दहा मिनिटांवर आहे, सरस्वती महालाचं संग्रहालय आणि तिथलंच कलादालन दोन्ही एकाच आवारात आहेत. कलादालन चुकवू नका!! तिथे चोळांच्या ब्राँझ मूर्ती आहेत, तिरुवेंकाडूहून मिळालेली शंकराची मूर्ती बघा, बैलावर हात टेकून उभी आहे, पण बैल आता नाही, फक्त हाताचा तो टेकलेला डौल राहिलाय आणि तरी बैल असल्यासारखा वाटतो. शेजारच्याच दरबारात सर्फोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडलेला. मुलाला देवमाशाचा सांगाडा दाखवा, तोही तिथेच ठेवलाय. वरच्या मनोऱ्यावर चढणारे चढतात, जिना अरुंद आहे, काकूंनी खालीच थांबावं. आणि मराठा दरबार, रंगवलेल्या खांबांचा, तोही बघा, डागडुजी कमी-जास्त होत असते पण उभं राहिलं की कल्पना येते.

जेवण एकच्या सुमारास केळीच्या पानावर, मग तास-दीड तास आडवे व्हा किंवा बाहुल्यांच्या दुकानात जा, मान हलवणाऱ्या तंजावर बाहुल्या काकूंना आवडतील. चारनंतर परत मोठ्या देवळात या. हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही! सकाळी गाइडबरोबर बघितलेलं देऊळ संध्याकाळी गाइडशिवाय बघायचं. उन्हाचा रंग बदलतो, गावातली माणसं मुलंबाळं घेऊन हिरवळीवर येऊन बसतात, काकू पण आरामात बसू शकतील.

मोडी_वाचक

पाषाणवेडी यांचा मुद्दा योग्य आहे, दोन्ही बघावं, माझंही तेच म्हणणं.

दुपारच्या यादीत एक भर घालतो. देवळाला लागूनच शिवगंगा तळं आहे आणि तिथे श्वार्ट्झचं चर्च आहे, १७७९ चं. श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी, सर्फोजीराजांना लहानपणी त्यांनी शिकवलं आणि त्यांच्या गादीच्या हक्कासाठी इंग्रजांकडे शब्द टाकला. ते १७९८ मध्ये वारले, त्याच वर्षी सर्फोजी गादीवर आले. राजांनी त्यांच्यासाठी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करून घेतलं, त्यात श्वार्ट्झ अंथरुणावर आहेत आणि तरुण सर्फोजीराजे शेजारी उभे आहेत. मराठी राजाने आपल्या गुरूसाठी केलेलं आहे ते, शिक्षक माणसाने बघायलाच हवं. चर्च नेहमी उघडं नसतं, आजूबाजूला चौकशी केली की किल्लीवाला भेटतो, गाडीचा ड्रायव्हर तमिळ असेलच, त्याला विचारायला सांगा.

आणि गाइड सांबाराची गोष्ट सांगेल, तंजावरच्या शहाजीराजांच्या (व्यंकोजीराजांचे पुत्र) दरबारात आमसुलं संपली वगैरे. ऐकून घ्या, पण पुरावा काही नाही, वहीत इतिहास म्हणून नको.

पाषाणवेडी

निघायच्या आधी शिलालेखाचे फोटो काढाल तेव्हा तुकड्या-तुकड्याने, क्रमाने काढा, डावीकडून उजवीकडे, एकात अर्धं दुसऱ्यात अर्धं असं थोडं एकावर एक येऊ द्या. म्हणजे बाबांना घरी बसून सलग वाचता येईल. आणि जमलं तर ते फोटो इथे टाका, मला आणि मोडी_वाचक दोघांनाही हवेत.