सीएफमध्ये (सिस्टिक फायब्रोसिस, जन्मजात आनुवंशिक आजार) आतड्यातला म्यूकस (चिकट बुळबुळीत स्राव) एवढा घट्ट का होतो?

चिऊची आई:
मुलगी अडीच वर्षांची आहे. जन्मल्यावर दोन दिवस शी झालीच नाही, पोट टम्म फुगलं आणि ऑपरेशन करावं लागलं, सर्जन म्हणाले लहान आतड्याच्या शेवटी पहिली शी डांबरासारखी बसली होती. मग घामाची टेस्ट, मग सिस्टिक फायब्रोसिस. (पापी घेतली की ओठ खारट लागायचे, सासूबाई म्हणायच्या उन्हाळा आहे, घाम येतोय तिला.) आता जो तो फुफ्फुसाचंच बोलतो, नेब्युलायझर, छाती थोपटणं वगैरे. आतड्याचं विचारलं की "म्यूकस घट्ट असतो" एवढंच. पण घट्ट का? पाणी कमी पडतं म्हणून? भरपूर पाजलं तर सुटेल का?

लॅबवाला:
पाणी हा अर्धाच भाग आहे ताई. आतड्यातला म्यूकस मुख्यतः एमयूसी२ नावाच्या प्रोटीनचा असतो, पेशीच्या आत ते सुक्या सब्जासारखं एकदम दाबून भरलेलं असतं, आणि ते तसं आवळून ठेवायचं काम कॅल्शियम करतं. बाहेर पडताना त्याला बायकार्बोनेट भेटलं की ते कॅल्शियम ओढून घेतं, साखळ्या सुट्या होतात आणि म्यूकस १०० ते १००० पट फुगतो. सीएफमध्ये बिघडतो तो सीएफटीआर चॅनल, म्हणजे पेशीतून क्षार बाहेर सोडणारं दार, आणि त्यातून क्लोराइडच नाही तर बायकार्बोनेटपण बाहेर येतं. ते आलं नाही की सब्जा अर्धवट भिजलेला, गोळा होऊन पेशीलाच चिकटलेला. निरोगी लहान आतड्यातला म्यूकस सैल असतो, पिपेटने सहज ओढून घेता येतो, सीएफवाल्या उंदरांचा निघतच नाही. २०१२ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गच्या लोकांनी हे दाखवलं, बॅक्टेरियाएवढे मणी टाकले तर तेही त्या म्यूकसमध्ये नीट शिरेनात. आणि म्यूकस बाहेर पडतानाच भरपूर बायकार्बोनेट दिलं तर तो जवळपास नॉर्मल बनला! गंमत म्हणजे या उंदरांना फुफ्फुसाचा त्रास फारसा होत नाही, आतडं तुंबूनच जातात बिचारे.

चिऊची आई:
बायकार्बोनेट म्हणजे आपला खायचा सोडाच ना? मग तोच चिमूटभर दिला तर??

लॅबवाला:
हा प्रश्न येणार माहीत होतं 😄 नका देऊ. पोटातल्या ॲसिडमध्ये त्याचा गॅस होऊन जातो, आणि लागतो तो पेशीच्या तोंडाशी, म्यूकस बाहेर पडतो त्याच क्षणी, वरून ओतून तिथे पोचत नाही. शिवाय लहान मुलाला एवढं सोडियम मनाने देणं धोक्याचं. सीएफमध्ये स्वादुपिंडाचं बायकार्बोनेटपण कमी पडतं, त्यामुळे आतड्याची सुरुवात आंबटच राहते आणि पचनासाठी देतात त्या एन्झाइमच्या कॅप्सूलचं कोटिंग उशिरा विरघळतं, म्हणून काही मुलांना डॉक्टर सोबत ॲसिड कमी करायचं औषध देतात. तेही त्यांनाच विचारून.

विदर्भातला बाबा:
आमचा मुलगा १४ वर्षांचा. मागच्या मे महिन्यात उजवीकडे खाली पोट दुखायला लागलं, हाताला गोळा लागत होता, आम्हाला वाटलं अपेंडिक्स, पण लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथेच घट्ट मळ आणि म्यूकस अडकला होता. याला डीआयओएस म्हणतात आणि हे बद्धकोष्ठापेक्षा वेगळं असतं, तिथे नुसतं इसबगोल देऊन बसू नका. उलट्या नव्हत्या म्हणून पेगची (आतड्यात पाणी धरून मळ सैल करणारी) पावडर पाजून सुटलं, ऑपरेशन टळलं. तेव्हा ४५ डिग्रीत क्रिकेट खेळून यायचा, घामात मीठ जास्त जातं यांच्या, आणि एन्झाइमच्या गोळ्या मित्रांसमोर घ्यायला लाजायचा. तेव्हा पाणी पाजाच ताई, पण मिठासकट. आता त्याच्या सरबतात मीठ किती टाकायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलंय, तो कागद फ्रिजवर लावलाय.

चिऊची आई:
सब्जाचं पटकन कळलं, थँक्यू. ऑपरेशनच्या टाक्याच्या खाली उजवीकडेच ती कधीकधी हात धरून बसते, उद्याच फोन करते डॉक्टरांना.

विदर्भातला बाबा:
उलटी झाली किंवा पोट फुगलं तर फोन नको, सरळ घेऊन जा.