चार दिवसांचा डोंगराळ सायकलमार्ग: रोजचे अंतर कसे ठरवावे?

प्रश्न:
नमस्कार. गेली तीन वर्षे मी डांबरी रस्त्यावर नियमित सायकल चालवतो आहे आणि एका दिवसात शंभर किलोमीटर मला जड जात नाहीत. आता तंबूसह सगळे सामान सायकलवर बांधून, डोंगराळ भागातून, बहुतांशी कच्च्या वाटेने चार दिवस एकट्याने जायचे ठरवले आहे. निवडलेल्या मार्गाची जीपीएक्स फाइल (जीपीएसवर मार्ग दाखवणारी फाइल) २८० किलोमीटर अंतर आणि ६,४०० मीटर चढ दाखवते. रोज ७० किलोमीटर अशी सरळ वाटणी केली तर चालेल का? टायर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) असून त्यांची रुंदी २.२ इंच आहे.

पहिले उत्तर:
अशी वाटणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डोंगरात दिवस किलोमीटरने मोजला की तो हमखास चुकतो. तो चढाने आणि वाटेच्या पृष्ठभागाने मोजावा लागतो. तुमच्या मार्गावर रोजचा चढ सरासरी १,६०० मीटर येतो. सामानासह कच्च्या वाटेवर तासाला ३०० ते ४०० मीटर उंची गाठता आली तरी मी ती चांगली गती मानते, म्हणजे नुसत्या चढालाच चार ते साडेपाच तास गेले. खडकाळ उतारावर हा वेळ भरून निघत नाही, कारण तिथे ब्रेक सोडताच येत नाहीत. शिवाय सायकल ढकलत न्यावी लागली, तर ताशी तीन किलोमीटरसुद्धा पुष्कळ होतात.

म्हणून आधी मुक्काम ठरवा आणि अंतर त्यांतून निघू द्या. मोठी खिंड असेल, तर तिच्या अलीकडे, पाण्याजवळ थांबावे आणि चढ सकाळी घ्यावा. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते आणि डोंगरात वादळे बहुधा दुपारनंतर येतात, तेव्हा संध्याकाळी माथ्यावर असणे टाळलेलेच बरे. बर्फाचे पाणी वाहणाऱ्या ओढ्यांनाही हेच लागू होते. एकदा संध्याकाळी पाच वाजता मी अशा ओढ्याशी पोहोचले, तेव्हा पाणी मांडीपर्यंत चढलेले होते आणि तळाशी गडगडणाऱ्या दगडांचा आवाज काठावर ऐकू येत होता. मी अलीकडेच तंबू लावला. सकाळी त्याच जागी पाणी जेमतेम पोटरीपर्यंत होते, आणि आदल्या संध्याकाळी ते कुठवर आले होते याची ओली रेघ मोठ्या खडकावर अजून दिसत होती.

दुसरे उत्तर:
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त सायकलविषयी थोडे लिहितो. डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ज्या तुकड्याने फ्रेमला जोडलेला असतो, तो हँगर अनेक फ्रेमना वेगवेगळा लागतो, त्यामुळे स्वतःच्या फ्रेमचा एक जादा हँगर सोबत असलाच पाहिजे. बोटाएवढा तो तुकडा मोडला की गिअर बंद पडतात. ट्यूबलेस टायरमधले सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) काही महिन्यांत सुकते, म्हणून निघण्यापूर्वी चाक हलवून आत द्रव खळखळतो का ते ऐका. जड वस्तू फ्रेम बॅगेत (फ्रेमच्या मधल्या पिशवीत), हलक्या सॅडल बॅगेत (सीटमागच्या पिशवीत) ठेवाव्यात. जिथे पट्टे फ्रेमला घासतात तिथे चिकटपट्टी लावा, कारण पट्ट्याखाली अडकलेली माती दोन दिवसांत सँडपेपरसारखा रंग खरवडते.

तिसरे उत्तर:
नकाशावर वाट आहे म्हणून तिथे सायकलला परवानगी असेलच असे नाही. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने ‘वाइल्डरनेस’ म्हणून संरक्षित केलेल्या निसर्गक्षेत्रांत सायकलला मनाई आहे, त्यामुळे कोलोरॅडो ट्रेलवर सायकलस्वारांना अशा क्षेत्रांना वळसे घालावे लागतात. उलट स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या सायकलस्वाराला बहुतेक मोकळ्या भूभागावर जाण्याचा हक्क दिला आहे. प्रसिद्ध मार्गांच्या लांबीवरूनही अंदाज बांधू नका. १९९७ च्या सुमारास आखलेला उत्तर अमेरिकेतला ग्रेट डिव्हाइड सायकलमार्ग हजारो किलोमीटरचा असला, तरी मुख्यतः कच्च्या आणि खडीच्या रस्त्यांवरून जातो. तेवढेच अंतर अरुंद पायवाटेवर कितीतरी अधिक दिवस घेईल.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. आता ५५, ८५, ४८ आणि ९२ किलोमीटर अशी मांडणी केली आहे. दुसरा मुक्काम खिंडीच्या पायथ्याशी आहे आणि तिसऱ्या दिवशी २,३०० मीटर चढ येतो. खिंडीपलीकडे ३० किलोमीटर पाणी दिसत नाही, फक्त तुटक रेषेचे दोन ओढे आहेत. पाणी किती न्यावे?

पहिले उत्तर देणारी:
ही मांडणी पुष्कळच चांगली आहे. नकाशावरची तुटक रेषा म्हणजे हंगामी ओढा, तेव्हा तो कोरडाच आहे असे धरा. त्या ३० किलोमीटरना पाच तास लागू शकतात आणि तासाला किमान अर्धा लिटर पाणी लागते, म्हणून खिंडीवरून निघताना चार लिटर जवळ असू द्या. वाटेत शेवटचे पाणी जिथे असेल तिथेच ते भरून घ्या. थंडी असेल तर पाण्याचा फिल्टर रात्री अंथरुणात घ्या, कारण एकदा गोठलेला फिल्टर वरून धड दिसला तरी निकामी झालेला असू शकतो. आणि परत फिरण्याची वेळ आजच लिहून ठेवा: दुपारी एकपर्यंत माथा आला नाही, तर पायथ्याच्या मुक्कामी मागे यायचे.