शेडच्या पत्र्यावर माणसं चढवायची आहेत, नुसता बेल्ट दिला की झालं का?

शेडवाला_भोसरी
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. शेड जुनी, वर सिमेंटचे पत्रे आणि मधेमधे उजेडासाठी फायबरचे ट्रान्सपरंट पत्रे. वळचणीला उंची २० फूट, मध्यावर अजून जास्त. दर पावसाळ्यात गळतं म्हणून यंदा मे महिन्यातच फुटके पत्रे बदलून घ्यायचं ठरवलंय. ठेकेदार बघायला आला तेव्हा त्याची दोन पोरं लगेच वर चढली पण, पायात स्लीपर, कमरेला काही नाही, आणि पत्र्यावरून अशी सरसर चालत गेली की खाली माझाच जीव वरखाली होत होता. विचारलं तर म्हणतो, साहेब पोरं सवयीची आहेत, बोल्टच्या लाइनवरून चालतात, तुम्हाला फारच वाटत असेल तर बेल्ट देतो. मला कुणाच्या जिवावर पत्रे बदलायचे नाहीत. बेल्ट दिला की झालं का, अजून काय मागू? आणि खाली मशिनं चालू ठेवली तर चालतील का, ऑर्डरी अडकल्यात.

फॅब्रिकेटर_सांगली
दादा, पहिली गोष्ट, सिमेंटच्या पत्र्यावर माणसाचं वजन पडायलाच नको, जुन्या तर नाहीच नाही. बोल्टच्या लाइनवरून चालतात हे मी पण आयुष्यभर ऐकत आलोय. लाइनखाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारी आडवी पट्टी, असते हे खरं, पण ती जेमतेम दोन-तीन इंच रुंद, आणि दोन पर्लिनमध्ये सव्वा-दीड मीटर नुसता पत्रा. हातात चाळीसेक किलोचा नवीन पत्रा धरून, वाऱ्यात, घामेजल्या डोळ्यांनी तेवढ्या पट्टीवर किती वेळ पाय पडेल? एक पाऊल इकडं तिकडं झालं की पत्रा आधी कुरकुरत पण नाही, एकदम जातो. जुन्या पत्र्याला बोल्टच्या भोकापासून केसासारख्या चिरा गेलेल्या असतात, वर शेवाळ नि धूळ, दिसत काही नाही.

त्याहून वाईट ते ट्रान्सपरंट पत्रे. वरून बघाल तर पाच-सहा वर्षांच्या धुळीनं ते सिमेंटच्याच रंगाचे झालेले असतात. आमच्या बाजूच्या युनिटला एक हेल्पर त्यातूनच खाली आला, वाचला पण कंबर गेली, तीस वर्षांचा पोरगा. त्यामुळं काम सुरू व्हायच्या आधी भर दुपारी शेडमध्ये उभं राहा, वर बघा, खालून उजेड कुठनं येतोय ते लगेच कळतं. गटरपासून कितवा पत्रा, कितव्या ओळीत, असं कागदावर मांडून घ्या आणि तो कागद वर जाणाऱ्याला समजावून द्या. त्या पत्र्यांवर आधी फळ्या नाहीतर जाळी बांधून झाकायचं, मगच बाकीचं काम.

चालायला लांब फळ्या लागतात, कमीत कमी तीन पर्लिनवर टेकतील एवढ्या, आणि बांधलेल्या. कमीत कमी दोन जोड्या, म्हणजे एकीवर उभं राहून दुसरी पुढं सरकवता येते. एकच फळी दिली की माणूस ती उचलताना पत्र्यावरच उभा राहतो.

आणि जमलं तर वर चढवूच नका, सीझर लिफ्ट (माणसाला उभ्यानं वर उचलणारा पाळणा) भाड्यानं आणून खालून जे-हूक, म्हणजे पत्रा पर्लिनला धरून ठेवणारे वाकडे बोल्ट, कापून पत्रा काढता येतो. खाली मशिनं दाटीनं असतील तर जमणार नाही, पण निदान जागा मोजून बघा. ग्राइंडर पत्र्यावर मात्र फिरवू देऊ नका, जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत जाते. पाणी मारून अख्खा पत्रा काढायचा, हूक कापतानाही पत्रा ओलाच ठेवायचा आणि तोंडाला चांगला मास्क.

सेफ्टी_चाकण
वरच्या दादांशी सहमत. मी बेल्टबद्दल लिहिते कारण तिथेच सगळ्यांची फसगत होते. ठेकेदार बेल्ट म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा कमरेचा पट्टा असतो. त्यात माणूस लटकला तर सगळा झटका कमरेवर आणि पोटावर येतो, अमेरिकेत तर पडण्यापासून वाचवायला कमरेचा पट्टा १९९८ पासून बंदच आहे. तुम्ही फुल बॉडी हार्नेस मागा, मांड्यांना आणि खांद्यांना पट्टे असलेला, हूक पाठीवर, आणि आयएस ३५२१ चा शिक्का बघा. शिवण उसवलेली, रंग सांडलेला, ग्राइंडरच्या ठिणग्यांनी भाजलेला असेल तर परत पाठवा.

आता तुमच्या २० फुटांचा हिशोब. हार्नेसची दोरी १.८ मीटर. तिच्यातला झटका शोषणारा तुकडा उघडला की तो अजून पावणेदोन मीटरपर्यंत लांबतो. पाठीच्या हूकपासून पायापर्यंत दीड मीटर, शिवाय पायाखाली एक मीटर तरी मोकळी जागा. बेरीज ६ मीटर, म्हणजे तुमची वळचणीची अख्खी उंची! खाली पाच फुटी लेथ असेल तर माणूस हार्नेस घालूनसुद्धा लेथवर आपटणार. म्हणून दोरी आखूड हवी नाहीतर स्वतःहून आखडून धरणारा रिट्रॅक्टेबल ब्लॉक हवा, आणि अडकवायची जागा शक्य तितकी उंच. सगळ्यात चांगलं म्हणजे कैचीच्या (छप्पर पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या) खालून सेफ्टी नेट ताणून घ्या, माणूसही अडतो आणि तुटलेला पत्राही बऱ्यापैकी अडतो.

लाइफलाइनचा, म्हणजे हार्नेसची दोरी ज्याला अडकवतात तो, वायर रोप कशाला बांधलाय ते स्वतः बघा. जे-हूकला नको, गटरला नको, गंजलेल्या पर्लिनला तर अजिबातच नको. कैचीच्या मुख्य मेंबरला, आणि तेही स्ट्रक्चरल माणसानं हो म्हटल्यावर.

अजून एक गोष्ट कुणी विचारत नाही. माणूस हार्नेसमध्ये लटकला तर खाली कसा आणणार? पाय लोंबकळत राहिले की रक्त पायात साचतं आणि काही मिनिटांतच शुद्ध जाऊ शकते, फायर ब्रिगेड येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. शिडी किंवा लिफ्ट त्याच शेडमध्ये तयार हवी आणि कोण काय करणार ते सकाळी ठरलेलं हवं.

शेडवाला_भोसरी
ताई, दादा, खूप आभार. हा ६ मीटरचा हिशोब मला आजवर कुणीच सांगितला नव्हता. मशिनांचं काय करू?

मेंटेनन्सवाला_नाशिक
ज्या गाळ्यावर (शेडच्या दोन कैच्यांमधल्या भागावर) काम चालू आहे त्याखालची आणि शेजारच्या गाळ्याखालची मशिनं बंदच, त्यावर घासाघीस नको. ६ मीटरवरून सुटलेला पाना एक सेकंदाच्या आसपास खाली पोचतो, वेग ताशी ३९ किलोमीटर, वरून कुणी ओरडलं तरी ऑपरेटर मान वर करेपर्यंत लागलेला असतो. मान वर केली तर तोंडावरच. हेल्मेट नटबोल्टला पुरतं, पत्र्याच्या तुकड्याला नाही. नुसती लाल-पांढरी पट्टी बांधून पण भागत नाही, लोक खालून वाकून जातात, चहावाला तर जातोच. एक माणूस दिवसभर तिथं उभा ठेवा, त्याला दुसरं काम नाही. ऑर्डरचं म्हणाल तर गाळा-गाळा करून काम लावा, रविवार आणि रात्रपाळी नसलेले दिवस पकडा, निम्मं शॉप चालू राहतं.

वर प्रत्येक हत्यार दोरीनं मनगटाला नाहीतर हार्नेसला बांधलेलं, सुटे बोल्ट कापडी पिशवीत, खिशात नाही. जुना पत्रा फेकायचा नाही, दोरानं उतरवायचा. पत्र्याचे ढीग वर करून ठेवायचे नाहीत, मे मधली वावटळ अख्खा पत्रा उचलून रस्त्यावर टाकते. शिडी चारास एक, म्हणजे ६ मीटरला पायथा दीड मीटर बाहेर, वरचं टोक वळचणीच्या मीटरभर वर आणि बांधलेलं.

ठेकेदाराकडून डब्ल्यूसी पॉलिसीची (कामगाराला इजा झाली तर भरपाई देणाऱ्या विम्याची) कॉपी घ्या, त्यात उंचीवरचं काम आणि तेवढी माणसं धरलीत का ते वाचा. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ३२ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीपासून उंचीवरून पडू नये म्हणून कठडा किंवा दुसरी सोय करायला सांगितलं होतं, नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कामगार सुरक्षा कोड आलाय, पण पोरं त्याची आहेत म्हणून तुम्ही सुटत नाही. फळ्या, नेट, हार्नेस यांचे पैसे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्या, नाहीतर रेट कमी करताना तो पहिल्यांदा तेच कापतो.

शेडवाला_भोसरी
आत्ताच ठेकेदाराला फोन केला, नेट आणि फळ्या धरून नवीन कोटेशन मागितलंय. लिफ्टवाला उद्या जागा मोजायला येतोय.