माजी आमदारांवर स्मरणिका काढायची आहे, सभागृहातलं काम तपासायचं कुठे?

वाचनालयवाला

आमच्या वाचनालयातर्फे पश्चिम उपनगरातल्या एका दिवंगत माजी आमदारांवर ८० पानी स्मरणिका काढायची आहे. १९७८ ते १९९० या काळात ते दोनदा विधानसभेवर निवडून आले. घरच्यांनी दोन खोकी भरून कात्रणं, सत्काराचे फोटो आणि एक मानपत्र दिलं आहे. निम्म्या कात्रणांवर तारीखच नाही. मानपत्रात म्हटलंय: "दहा वर्षे आमदार", "सभागृहात शेकडो प्रश्न मांडले", "कायदा करून घेतला", "पाण्याची टाकी आणली". हे सगळं छापण्याआधी तपासायचं आहे. तीन महिन्यांनी मजकूर छापखान्यात द्यायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

तारांकित

सुरुवात शोकप्रस्तावापासून करा. माजी सदस्य वारले की पुढच्या अधिवेशनाच्या सुरुवातीला सभागृहात शोकप्रस्ताव येतो. जन्म, शिक्षण, कुठून आणि कधी निवडून आले, कोणत्या समित्यांवर होते, असं सगळं अर्ध्या-पाऊण पानात येतं आणि कार्यवाहीत छापलं जातं. मृत्यूची तारीख हाती असली की अधिवेशन शोधायला वेळ लागत नाही. त्याच्या जोडीला विधानमंडळ सचिवालयाची सदस्यांच्या संक्षिप्त परिचयाची पुस्तिका बघा. मात्र तिथली माहिती बहुतेक सदस्यानेच लिहून दिलेली असते. पदवी आणि जन्मतारीख दुसरीकडे ताडून घ्या.

आता "शेकडो प्रश्न". इथे बहुतेक स्मरणिका घसरतात. तारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं त्या प्रश्नांची, यादी उघडलीत की प्रत्येक प्रश्नाचा साचा एकच दिसेल. आधी क्रमांक, मग नावं, मग "सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय", त्याखाली "(१) ... हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्याची कारणे काय आहेत, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". समोर उत्तर: "(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही." एकाच विषयावर अनेकांच्या सूचना आल्या की त्या एकत्र करतात, म्हणून एका प्रश्नावर आठ-दहा नावं असतात. तुमच्या आमदारांचं नाव सातवं असेल तर तो प्रश्न "त्यांचा" म्हणून मोजायचा की नाही हे आधीच ठरवा आणि स्मरणिकेत तसं लिहा. माझ्या मते पहिलं नाव असलेले वेगळे आणि सहभागाचे वेगळे मोजावेत.

दुसरी पायरी अशी की यादीत छापला म्हणजे सभागृहात चर्चेला आला असं नव्हे. प्रश्नोत्तराचा तास एकच, त्यात मोजकेच प्रश्न तोंडी होतात. बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर, म्हणजे सभागृहाच्या दप्तरी, जातात. आमदाराचा खरा वकूब कळतो तो उपप्रश्नांत, मंत्र्याने "प्रश्न उद्भवत नाही" म्हटल्यावर हा माणूस गप्प बसतो की उठून दुसरा कागद काढतो यात. उपप्रश्न यादीत नसतात, त्या दिवसाच्या कार्यवाहीत असतात. लक्षवेधीचंही, म्हणजे तातडीच्या विषयावर मंत्र्याचं निवेदन मागणाऱ्या सूचनेचंही, तसंच. "निवेदन पटलावर ठेवले" एवढंच दिसलं तर त्यावर चर्चा झालेली नाही.

कार्यवाहीची प्रत घेताना वर "असुधारित प्रत" लिहिलंय का ते पाहा. प्रतिवेदकांनी टिपलेला तो पहिला मजकूर असतो, त्यात नावांच्या आणि आकड्यांच्या चुका राहतात. उद्धृत करायचं तर छापील, सुधारित खंडातून करा आणि अधिवेशन, तारीख, पान टिपून ठेवा. नुसतं "विधानसभेत म्हणाले" लिहिलंत तर पुढच्या माणसाला काहीच हाती लागत नाही.

हे सगळं विधानमंडळाच्या ग्रंथालयात बघायला मिळेल, त्यासाठी वाचनालयाच्या लेटरहेडवर पत्र द्या. विषय आणि वर्षं नेमकी लिहा. अधिवेशन चालू असताना जाऊ नका, बाहेरच्यांना पास मिळताना नाकी नऊ येतात. आणि डिसेंबरात बराच कारभार नागपूरला हललेला असतो.

जाता जाता, नरिमन पॉइंटच्या विधानभवनाचं उद्घाटन एप्रिल १९८१ मध्ये झालं. १९७८ ची विधानसभा रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायची, तिथे आता राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. खोक्यात नव्या इमारतीसमोरचा फोटो असेल आणि मागे "१९७९" लिहिलं असेल तर ते वर्ष चूक आहे.

मतपेटी

"दहा वर्षे आमदार" यावर लगेच काट मारा. १९७८ ची विधानसभा फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली, दोन वर्षंही धड झाली नाहीत. १९७८ आणि १९८५ अशा टर्म असतील तर बेरीज सात वर्षांच्या आसपास जाते. १९८० आणि १९८५ असतील तर मात्र दहाला टेकते. कोणत्या दोन, ते आधी पक्कं करा.

मतांसाठी निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल आहेत, प्रत्येक मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराची मतं त्यात मिळतात. तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक म्हणजे पोटनिवडणुका. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात त्या नसतात. १९६७ चा अहवाल पाहून परळचे आमदार म्हणून कृष्णा देसाई यांचंच नाव मिळेल. जून १९७० मध्ये त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. अहवालावर विसंबणाऱ्याला हे कळणारच नाही.

दुसरं, पक्षाचं नाव. त्या दशकात काँग्रेस किती वेळा फुटली आणि कोणत्या गटाच्या नावापुढे कंसात काय होतं, ते ज्या त्या वर्षाच्या अहवालातूनच घ्या, आजच्या नावाने लिहू नका. अपक्ष म्हणून नोंद आहे म्हणजे माणूस खरोखर अपक्ष होता असंही नाही. त्या काळी पक्षाला मान्यता आणि राखीव चिन्ह नसलं की त्याचे उमेदवार अपक्षांच्या रांगेत जायचे. शिवसेनेचे १९८५ चे उमेदवार शोधताना हे आठवा. त्या वर्षी माझगावातून छगन भुजबळ हे सेनेचे एकटेच आमदार आले. धनुष्यबाण १९८९ ला मिळालं.

तिसरं, मतदारसंघाची नावं. २००९ ला नवी फेररचना लागू झाली आणि मुंबईच्या ३४ जागांच्या ३६ झाल्या. आंबोली, सांताक्रूझ, खेरवाडी, नेहरूनगर ही नावं गेली, वर्सोवा, दिंडोशी, चारकोप, मागाठाणे आली. "आजचा अमुक मतदारसंघ" असं लिहायचं असेल तर जुन्या हद्दीत कोणते भाग होते ते लिहा. नाव तेच राहिलं तरी हद्द तीच राहिली असं धरून चालू नका.

आणि शपथपत्र शोधत बसू नका. मालमत्ता, शिक्षण, गुन्हे यांची शपथपत्रं आपल्याकडे विधानसभेला २००४ पासूनची. त्याआधीच्या उमेदवारांची नाहीत.

वाचनालयवाला

मनापासून आभार. टर्म १९७८ आणि १९८५ अशाच आहेत, म्हणजे "दहा वर्षे" गेलं. दोन गोष्टी राहिल्या. कायद्याच्या पुस्तकात त्यांचं नाव कुठेच नाही, मग "कायदा करून घेतला" हे कसं तपासायचं? आणि पाण्याच्या टाकीचं काय? आमदार निधीतून झाली असं लोक म्हणतात.

तारांकित

कायद्यात नाव नसणारच. अशासकीय विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याची विधेयकं, मांडली जातात, मंत्री "शासन यावर विचार करेल" म्हणतात, सदस्य विधेयक मागे घेतो. मग कधीतरी सरकार स्वतःचं विधेयक आणतं आणि श्रेय मंत्र्याच्या खाती जमा होतं. मृणाल गोरे यांनी गर्भलिंगचाचणीविरुद्ध अशासकीय विधेयक आणलं होतं. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला. कायद्याच्या मजकुरात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून त्यांचा वाटा नाही असं कोणी म्हणणार नाही.

तेव्हा मागून पुढे या. कायदा झाला त्याच्या आधीच्या तीन-चार वर्षांतली शुक्रवारची कामकाजपत्रिका चाळा, अशासकीय काम शुक्रवारी असतं. विधेयक सापडलं तर त्याचा क्रमांक आणि पुढे काय झालं ते लिहा: मागे घेतलं, फेटाळलं, की सभागृह विसर्जित झाल्याने व्यपगत (आपोआप रद्द) झालं. तिथे नसेल तर आश्वासन समितीचे अहवाल बघा. मंत्र्याने सभागृहात शब्द दिला की ही समिती त्याचा पाठपुरावा करते. त्यात कोणाच्या प्रश्नावर आश्वासन मिळालं तेही सापडतं. दोन्हीकडे काही नसेल तर "कायदा करून घेतला" ऐवजी "मागणी लावून धरली" लिहा, आणि तेही भाषण सापडलं तरच.

कोनशिला

टाकीबद्दल. आमदार निधी आमदाराच्या खिशात येत नाही. तो काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात, काम दुसरीच यंत्रणा करते. मुंबईत ती महापालिका, सार्वजनिक बांधकाम किंवा झोपडपट्टी असेल तर म्हाडाचं झोपडपट्टी सुधार मंडळ. सुचवलेली कामं अडतात ती पैशांवाचून कमी आणि जागेच्या ना-हरकतीवाचून जास्त. भूखंड रेल्वेचा, केंद्राचा किंवा खासगी निघाला की फाइल तिथेच बसते. २०२२ पासून निधी वर्षाला ५ कोटी झाला, त्या काळाच्या आकड्यांशी त्याची गल्लत करू नका. उलट तुमची टाकी मुळात पालिकेच्या जलखात्याची असण्याची शक्यता अधिक. तसं असेल तर खर्च पालिकेचा आणि पाठपुरावा आमदारांचा, असं लिहायला काहीच हरकत नाही.

आधी टाकीपाशी जाऊन कोनशिला वाचा. भूमिपूजन आणि लोकार्पण अशा दोन तारखा असतील तर दोन्ही टिपा, आणि खालच्या बारीक ओळीत यंत्रणेचं नाव असतं ते टिपा. रंग मारताना अक्षरं बुजलेली असतात. कागद धरून पेन्सिल आडवी घासली की उमटतात.

मग माहिती अधिकार. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. "टाकीबद्दल सर्व माहिती द्या" असं मागू नका, "मोघम" म्हणून परत येतं. प्रशासकीय मान्यतेचा आदेश, कार्यारंभ आदेश आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला या तीनच कागदांच्या प्रती मागा. पालिकेला एक अर्ज, जिल्हाधिकाऱ्यांना दुसरा. मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० ला वेगळा झाला, त्याआधीची कागदपत्रं वांद्र्याच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात नसतील तर शहर जिल्हाधिकाऱ्यांकडे विचारा. चुकीच्या कार्यालयात गेला तरी अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, तिकीट २० रुपयांचं.

"अभिलेख नष्ट केला" असं उत्तर आलं तर नष्ट केल्याच्या नोंदवहीची प्रत मागा. कधी कधी त्यानंतर फाइल सापडते. तुमच्याकडे तीन महिने आहेत, म्हणजे अर्ज या आठवड्यातच टाका, ग्रंथालय मागाहून.

मतपेटी

तारखा नसलेल्या कात्रणांसाठी कात्रण उलटं करून मागची बाजू वाचा. नाटकांच्या जाहिराती, क्रिकेटचा धावफलक, सोन्याचा भाव यातलं काहीतरी असतंच. त्यावरून आठवडा ठरला की दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात त्या आठवड्याचे अंक मागा.