मदत हवी आहे: मुलगा सतत आरशासमोर आणि आता भलत्याच पोरांत

सिंहगडरोडकर
लवकर सांगा. मुरमं आल्यापासून "मी घाण दिसतो" एवढंच चालू आहे. क्लास बंद, त्या कट्ट्यावरच्या पोरांत बसतो. काल कोयत्यासोबत फोटो स्टेटसला! दिसण्यावरून पोरं खरंच बिघडतात का? समुपदेशक गाठू की पोलीस?

पेठेतला
वय किती? कोयता कुणाचा?

कोथरूडची काकू
मुलतानी माती दह्यात कालवून लावा. भाच्याचा चेहरा स्वच्छ झाला.

सिंहगडरोडकर
काकू, मातीचं विचारलं नव्हतं. अकरावीत आहे. कोयता मित्राचा, असं म्हणतो.

आकडेबाज
संबंध आहे. मोकान आणि टेकिन या अर्थतज्ज्ञांचा 2010 चा अभ्यास, अमेरिकेतल्या मुलांवरचा. दिसायला डावी ठरलेली मुलं गुन्ह्यांत जास्त आढळली.

नीरज
अर्धवट सांगू नका. तिथे रूपाचा शेरा मुलाखत घेणाऱ्यांनी मारला होता, मुलांनी स्वतःवर नव्हे. इथे मुलगाच स्वतःला घाण म्हणतोय. त्यासाठी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड कॅप्लन वाचा: स्वतःबद्दलचं मत घसरलं की मूल किंमत देणाऱ्या टोळक्याकडे सरकतं.

आकडेबाज
शाळेत कसा दिसत होता त्याचा पुढे परिणाम होतो, हे मोकान-टेकिनच्या अभ्यासातही आहे. असो, तुम्हीच शहाणे.

पैलवान
तालमीत घाला. चार महिन्यांत आरसा विसरेल.

पेठेतला
उलट, तिथे चारी भिंतींना आरसे!

काळा कोट
जन्मतारीख सांगा. 18 च्या आतलं प्रकरण येरवड्याला बाल न्याय मंडळापुढे जातं. पण 2015 च्या कायद्यानुसार 16 पूर्ण असेल आणि गुन्ह्याला किमान 7 वर्षं शिक्षा असेल, तर मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. नुसत्या फोटोने तिथवर जात नाही, पण कोयत्याच्या रील्सवरून पुण्यात गुन्हे दाखल झालेत. स्टेटस आजच काढायला लावा.

डॉ. मनीषा
मेडिकलमधून गोरं करणारी क्रीम आणून लावतो का? त्यात स्टिरॉइड असेल तर मुरमं वाढतात, त्वचा पातळ होते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मनाचं बोलायला टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन 14416, फुकट आहे. घरात त्याच्या रंगावरून कोण बोलतं?

सिंहगडरोडकर
क्रीम लावतो, आत्येभावाने दिली. रंगावरून... आजी "काळ्या" म्हणते, पण लाडाने हो.

डॉ. मनीषा
लाडाने म्हणत असतील, तरी त्याला कसं लागतं ते त्याला विचारलंत का?

कोथरूडची काकू
आमच्याकडे सगळ्यांनाच काळ्या म्हणायचे, कोणी कोयता घेतला नाही.

पैलवान
सिंहगड रोडला आमच्या ओळखीची तालीम आहे. पत्ता टाकू?