अनुभव धागा : व्यसनाने तरणं मूल गेल्यानंतर

व्यसनापायी तरणाताठा मुलगा किंवा मुलगी गेलेल्या घराच्या कामी येईल ते इथे लिहा. सांत्वन नको, ते चहूकडून मिळतंच.

*

‘सोडली होती, मग गेला कसा?’ बहुतेक आईबाप इथेच अडकतात. हेरॉइनसारखे अफूजन्य पदार्थ बंद केले की शरीराला असलेली सवय थोड्याच दिवसांत उतरते. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून आल्यावर जुनीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावत थांबतो. जोडीला दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर आणखी लवकर. म्हणून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार धोक्याचे. ‘सोडल्याचं नाटक करत होता’ असा अर्थ काढू नका. उलट, खरोखर सोडलेल्यालाच जुनी मात्रा झेपत नाही.

*

याला जोडून : शवविच्छेदनानंतरच्या रासायनिक तपासणीचा अहवाल यायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर नातेवाइकांना कारण सांगत बसू नका. आला की डॉक्टरांकडून समजून घ्या. त्यात सापडलेला प्रत्येक पदार्थ मृत्यूचं कारण नसतो. उपचारात दिलेली औषधंही दिसतात.

*

खोली आवरताना खिशात, गादीखाली हात घालू नका, सुया असतात. टॉर्च आणि जाड हातमोजे घ्या. सुईला टोपण परत लावू नका, नेमकी तेव्हाच टोचते. जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात टोक खाली करून टाका आणि तो कुठे द्यायचा ते दवाखान्यात विचारा. पोलिस तपास चालू असेल तर आधी त्यांना विचारल्याशिवाय कशालाच हात नको. उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका. झोप उडालेल्या माणसाचा हात त्यांच्याकडेच जातो.

सिमकार्ड घाईने बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, फोटोंचं खातंही बहुधा त्याच नंबरवर असतं.

*

उधारीचे फोन येतीलच. लेखी पुरावा मागा, वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही.

*

रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनची वर्षानुवर्षांची धास्ती संपली की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, मग त्याचीच लाज. समुपदेशकाला हे पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर महिनोन्‌महिने बाकीच्याच गोष्टी बोलल्या जातात. समाज मानत नाही अशा शोकावर शोकाचे अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये पुस्तक काढलं. व्यसनाने गेलेल्याचा शोक त्यातच मोडतो. सहा महिन्यांनंतरही रोजची कामं होत नसतील तर मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. आणि घरातल्या दुसऱ्या मुलाला ‘आता तूच आमचा आधार’ हे वाक्य ऐकवू नका.